अनघाच्या मागे कोण

रविवार, २ नोव्हेंबर २०१४

आज आमच्याकडे एक नवीन गृहस्थ आले होते, उज्ज्वल नावाचे. जाताना सगळ्यांना बजावून गेले की सरावाची नोंद ठेवा, काय चुकलं ते लिहा, किती वेळ लागला ते लिहा, महिन्याभराने मला दाखवा. म्हणून ही वही. फक्त ती मी त्यांना दाखवणार नाही.

झालं असं. आमची लेक अवनी मेलबर्नला शिकायला गेल्यापासून अनघाला घर खायला उठतं. दिवाळीच्या फराळाला ती म्हणाली, "एकदा खरा बर्फ बघायचाय. डोंगरभर." मग फेब्रुवारीतल्या चायनीज न्यू इयरच्या सुट्टीत जपानला, होक्काइदोला जायचं आणि बर्फातून चालत एक डोंगर चढायचा असं ठरलं. आता, सिंगापुरातल्या आमच्या रविवारच्या टोळीला डोंगरावर कोण नेतं? आठ वर्षं मीच नेतो. किनाबालूला मी नेलं, रिंजानीला मी नेलं, आणि त्याआधी पुण्यात असताना सह्याद्रीतले ऐंशी गड. शिखर न गाठता एकदाही परत फिरलेलो नाही. तेव्हा इथेही मीच नेणार, यात विचारायचं काय होतं?

प्रबोधला विचारायचं होतं म्हणे. प्रबोध माझ्याच ऑफिसात आहे, हार्बरफ्रंटला. समोरासमोर बसतो, रोज माझ्या डब्यातली चटणी खातो, आणि मला न विचारता हा माणूस घेऊन आला. पस्तिशीच्या आतला. नागपूरचा. चार वर्षं ऑस्ट्रियात बर्फाच्या उतारांवर संशोधन केलंय, आता इथल्या विद्यापीठात दरडींवर काम करतो. आल्याबरोबर म्हणाला, "बर्फात चालाले जाता, ते ठीक आहे. उतारावरचा बर्फ सुटून अंगावर आला तर एकमेकांना बाहेर काढता येते का?"

अनघा म्हणाली, "शिकवाल?"

मी चहा करायला आत गेलो. बाहेर येईपर्यंत टोळीचा म्होरक्या बदललेला होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अनघा रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून सात वाजता आली आणि पर्स खाली न ठेवताच म्हणाली, "उज्ज्वलने वाचायला पाठवलंय, बघितलंस?" बघितलं होतं. चाळीस पानं. मी वाचलं नाही असं सांगितलं. तिने जेवताना वाचून काढलं, मोठ्याने. आमटी गार झाली.

रविवार, ९ नोव्हेंबर

बुकिट तिमाच्या टेकडीवर गेलो. आमच्या टोळीत मी दोन नियम सगळ्यांच्या हाडीमासी खिळवले आहेत. एक, साखळी तुटू द्यायची नाही, मागच्याने पुढच्याची पाठ सोडायची नाही. दोन, सगळे आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे नियम मला माझ्या गुरूंनी दिले आणि त्यांच्या जोरावर आजवर एकही माणूस हरवला नाही.

पायऱ्या संपल्या तिथे मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना गोळा केलं आणि अनघाने थालीपिठाचा डबा काढला. उज्ज्वल हसला. चांगलं हसला, कुचकट नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

"दादा, गडावर हे बरोबर आहे. बर्फात उलटं राहते. उताराखाली सगळे गोळा होऊन जेवाले बसले, तर सगळे एकदमच गाडले जाते. मग काढाले कोण राहते?"

प्रबोधने विचारलं, ओरडलं की बर्फ सुटतो ना? तर म्हणे नाही, ओरडण्याने नाही सुटत, आपल्या वजनाने सुटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यात वाईट. रोज सकाळी धोक्याचं पत्रक निघतं ते वाचायचं, आणि वाईट असेल तर घरी बसायचं. उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने. बाकीचे सुरक्षित जागी थांबणार, आणि जाणाऱ्यावर डोळा ठेवायला त्याच्या मागे एक जण नेमलेला. बर्फ सुटला तर जाणारा कुठे दिसेनासा झाला ते त्याने लक्षात ठेवायचं आणि शोध त्यानेच आधी सुरू करायचा.

मग पायऱ्यांवरच तो सराव. एकेक जण वर जातोय आणि बाकीचे त्याच्याकडे बघत उभे. माझा नंबर शेवटचा. वीस मिनिटं डास मारत उभा होतो. थालीपीठ प्रत्येकाने आपापलं, वेगवेगळ्या ठिकाणी बसून खाल्लं. मला ते गेलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

ईस्ट कोस्ट पार्क. समुद्राच्या वाळूत बर्फाचा सराव. ऊन असं की डोक्यावर पापड भाजावा.

प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधायचं, बीकन म्हणतात. साबणाच्या डबीएवढं. चालताना ते सतत खूण पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपली यंत्रं शोधावर लावायची. पडद्यावर बाण येतो आणि आकडा. आकडा म्हणजे अंतर. अगदी जवळ गेलं की यंत्र जमिनीलगत धरून सावकाश उभं-आडवं सरकवायचं, सगळ्यात लहान आकडा मिळेल तिथे लांब सळई खुपसायची, काही लागलं की फावडं. पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण वाचतात. पुढे फार कमी.

उज्ज्वलने एक बीकन डब्यात घालून, डबा पिशवीत घालून हातभर खोल पुरलं आणि वरून सगळी वाळू सारखी केली. प्रबोध, नऊ मिनिटं. अनघा, सहा. मी एकोणीस मिनिटांनी सोडून दिलं.

तो बाण सरळ नेत नाही! वाकडा नेतो. मी आयुष्यभर दिशा ओळखून चाललो, ढगांत चाललो, आणि आता एका साबणाच्या डबीने मला गोल गोल फिरवायचं? उज्ज्वल म्हणाला, "पहिल्यांदा असंच होते, दादा. तुम्ही डोक्याने सरळ जाऊन राहिले. बाण सांगते तसं वाकडं जा. आणि खिशातला मोबाइल दूर ठेवा, त्याने यंत्र बिघडते."

मोबाइल मी जवळ ठेवला होता कारण ग्रुपवर तो आणि अनघा काय काय लिहितात ते मला बघायचं होतं. हे अर्थातच मी बोललो नाही.

नाणी शोधायचं यंत्र घेऊन फिरणारा एक चिनी म्हातारा बराच वेळ आम्हाला बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "लूज युअर रिंग आह?" प्रबोध म्हणाला, "नो अंकल, ही इज लुकिंग फॉर हिज वाइफ." सगळे हसले. अनघासुद्धा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज अनघा फोनवर कुणाला तरी म्हणाली, "हो हो, येऊन राहिले." सदाशिव पेठेत जन्मलेली बाई! आणि बोलते त्याचं नागपुरी.

रविवार, ३० नोव्हेंबर

आई आली पुण्याहून. तीन महिने राहणार. विमानतळावर मला बघून पहिलं वाक्य, "किती वाळलास रे." ऐकून बरं वाटलं. हल्ली माझ्याकडे निरखून बघणारं घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी उज्ज्वल यंत्रांच्या बॅटऱ्या द्यायला आला. आईने त्याला आडनाव विचारलं, त्याने ते सांगितलं, आई "बरं बरं" म्हणाली आणि जरा थांबून तिने त्याला कोथरूडहून आणलेल्या चकल्या दिल्या. आमच्याकडे असलं काही मानत नाहीत, हे त्याला कळावं म्हणून मी मुद्दाम त्याच्या बशीत आणखी दोन वाढल्या.

आईने विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं? तो म्हणाला, "ऑस्ट्रियात एकदा शोधाले गेलो होतो, आई. माझा मित्र होता. सापडला. पण उशिरा." एवढंच बोलला आणि चकली खायला लागला. अनघा उठून आत गेली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले.

वाईट झालं, मी नाही कुठे म्हणत. पण अशी एखादी गोष्ट पदरी असली की माणसाचं वजन आपोआप वाढतं. माझ्या ऐंशी गडांवर कुणी मेलं नाही, हा काय माझा दोष?

रविवार, ७ डिसेंबर

भांडण झालं. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी वाढवून सांगितलं असं होणार नाही.

डोंगरावर एक मोठा उतार आहे, तो ओलांडल्याशिवाय वर जाता येत नाही. कुणाच्या मागे कोण राहणार याची यादी उज्ज्वल करत होता. मी अनघाच्या नावापुढे माझं नाव लिहायला सांगितलं. अनघा म्हणाली, "माझ्या मागे तुम्ही राहाल का, उज्ज्वल?" सगळ्यांच्या देखत.

घरी आल्यावर मी विचारलं. "म्हणजे तुला बर्फाखालून काढायला मी नको?"

"मला लवकर निघायचंय, निशी."

"वीस वर्षांचा संसार आहे."

"संसार आहे म्हणून तू बर्फात सहा मिनिटांत शोधशील का? अजून एकदाही तुला सापडलेलं नाही. मी काय चुकीचं बोलले ते सांग."

आई पलीकडच्या खोलीत होती. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी उज्ज्वलला फोन केला. माणूस गोड बोलतो, हीच तर पंचाईत आहे. म्हणाला, "दादा, वहिनींच्या मागे तुम्हीच असावं असं मलाही वाटते. अठरा जानेवारीला परीक्षा ठेवू. तीनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटांच्या आत. जमलं तर तुम्ही. नाही जमलं तर उतारावर न्यायचं नाही असाच नियम आहे, सगळ्यांना." तो तिला वहिनी म्हणतो. वहिनी म्हणणाऱ्यांपासूनच जपायचं असतं.

शनिवार, २० डिसेंबर

अनघा गेले तीन शनिवार सकाळी सरावाला जाते, प्रबोध आणि उज्ज्वलबरोबर. ऑफिसात शनिवारची पाळी माझी, प्रबोधला सुट्टी. आज मी अर्धा दिवस रजा टाकली आणि ईस्ट कोस्टला गेलो, तिला न सांगता. भाड्याची सायकल घेतली आणि रस्त्याकडेच्या झाडामागे उभा राहिलो. या वयात.

अनघा वाळूत आडवी पडलेली होती. गळ्यापर्यंत वाळू. फक्त तोंड बाहेर. उज्ज्वल तिच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसलेला. प्रबोध घड्याळ धरून. मग ती काहीतरी ओरडली, मला ऐकू आलं नाही, वारा समुद्राकडे होता. दोघं हातांनी वाळू उपसायला लागले. ती बाहेर आली आणि रडत होती. उज्ज्वलने तिला पाण्याची बाटली दिली, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

तो टॉवेल आमच्या घरचा होता, पिवळा. मी निघून आलो.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आज बराच सराव झाला." मी म्हटलं, "अस्सं." ती माझ्याकडे बघत उभी राहिली, जणू मी आणखी काही विचारेन. मी नाही विचारलं. जळून खाक झालो होतो, बोलणार काय?

रविवार, २१ डिसेंबर

काही नाही. दिवसभर त्या टॉवेलचा विचार.

रविवार, ४ जानेवारी २०१५

नव्या वर्षाची सुरुवात झकास! चार मिनिटं दहा सेकंद!

पुरणारा माणूस टोळीतला असला की बाकीचे त्याच्या पावलांकडे बघतात, अशी तक्रार होती. आज आई बरोबर आली होती, म्हणाली, "मी पुरते. तुम्ही सगळे तिकडे तोंड करा." प्रबोध म्हणाला, यांच्याइतकं तटस्थ कोण मिळणार? खरंच आहे. आईने तीस वर्षं शाळेत शिकवलं. वार्षिक परीक्षेच्या वेळी तिच्या वर्गात कॉपी करायची कुणाची छाती नव्हती. पोरं पाणी प्यायला उठली तरी ही मागे.

साडी खोचून, फावडं घेऊन तिने छान काम केलं. मग छत्री लावून स्टुलावर बसली. मी यंत्र घेऊन निघालो, बाण वाकडा गेला तसा वाकडा गेलो. मधेच आई ओरडली, "निशी, टोपी घाल डोक्यावर! किती ऊन आहे!" मी थांबून टोपी घातली, यंत्र खाली धरलं, सळई खुपसली, आणि लागलं की!

उज्ज्वलने टाळी दिली. अनघा म्हणाली, "अरे वा." शेवटी माझ्या अंगचं कसब वर आलं. ते कुठे जाणार होतं?

रविवार, ११ जानेवारी

तीन मिनिटं चाळीस. पुन्हा तीन मिनिटं पन्नास.

पहिल्या वेळी आई म्हणाली, "पाणी पी रे." मी थांबलो. पिशवी तिथेच होती. दुसऱ्या वेळी आई म्हणाली, "बुटाची नाडी सुटली बघ." नाडी सुटली नव्हती. पिशवी तिथेच होती.

परतताना बसमध्ये मी आईच्या शेजारी बसलो. तिने पदराने माझा घाम टिपला आणि म्हणाली, "माझ्या लेकाला नापास करतात म्हणजे काय?" मला कळलं. मी तिला थांब म्हटलं नाही. एकदा अनघाच्या मागे माझं नाव लागू दे, मग खरा सराव करायला महिना पडलाय.

रविवार, १८ जानेवारी

पास. तिन्ही वेळा.

आज उज्ज्वलने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. आई बोलली नाही. आई खोकली. तिला आयुष्यात कधी खोकला झालेला मला आठवत नाही.

उज्ज्वलने मला मिठी मारली. त्याला खरंच आनंद झाला होता, हे बघून मला क्षणभर त्याचा राग आला. "वहिनी, तुमच्या मागे दादा. मी सगळ्यात शेवटी राहतो," म्हणाला, आणि यादीत स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं.

परतताना एमआरटीच्या गाडीत अनघाने माझा हात धरला. आमचं क्लेमेंटी स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तू एवढी मेहनत घेशील. सॉरी, मी सगळ्यांसमोर तसं बोलले." किती वर्षांनी ती माझ्याकडे अशी बघत होती. मी जिंकलो. त्या नागपूरकराला मी त्याच्याच विद्येत हरवलं.

आई समोरच्या बाकावर बसून आमच्याकडे बघत हसत होती.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी सातला एकटाच ईस्ट कोस्टला गेलो. नाणी शोधणारा म्हातारा भेटला. त्याला म्हटलं, अंकल, हे कुठेतरी पुरा आणि मला सांगू नका. "सिरियस आह?" म्हणाला, पण पुरलं. भला माणूस. खोकला नाही.

एकवीस मिनिटं. तेही सळई सात ठिकाणी खुपसून.

ऊन नव्हतं, वारा नव्हता, मोबाइल घरी होता. जवळ पोचेपर्यंत ठीक जातो. शेवटच्या तीन पावलांत घाई होते. मला वाटतं, हे इथेच असणार, आणि मी यंत्राचं ऐकत नाही.

म्हातारा म्हणाला, "नेव्हर माइंड ला, इज ओन्ली अ बॉक्स."

रविवार, १ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. अठरा. मग तेवीस.

उज्ज्वलला सांगावं का? तो काही बोलणार नाही. फक्त यादीतलं माझं नाव खोडेल आणि तिथे स्वतःचं लिहील, आणि अनघा ते बघेल. नाही. आणि बर्फ काय रोज सुटतो? बरोबर जपानी वाटाड्या असणार. हजारो लोक जाऊन येतात. मी उगाच मनाला लावून घेतोय.

रविवार, ८ फेब्रुवारी

दुपारी अनघा बॅगा भरत होती. आई पलंगावर बसून लाडवाचे डबे गुंडाळून देत होती. अनघाने बीकनचे पट्टे अंगावर चढवून बघितले. आईने विचारलं, "हे तू कशाला बांधतेस गं? हे तर पुरायचं असतं ना?"

अनघा हसली. "आई, मी बर्फाखाली गेले की हे यंत्र आतून हाक मारत राहतं. ती हाक ऐकून निशी मला काढणार. त्याचाच तर सराव होता एवढे दिवस."

आईच्या हातातला डबा तसाच राहिला. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे बघायचं सोडून दिलं.

अनघा आंघोळीला गेल्यावर आई बाल्कनीत आली.

"म्हणजे त्या पिशवीच्या जागी ती असणार?"

"असं काही होणार नाही, आई."

"असणार का नाही, एवढं सांग."

"हो."

"मला वाटलं परीक्षा आहे. ऑफिसात असतात तशी काहीतरी. तुझं नाव खाली जाऊ नये म्हणून मी..." साठ-सत्तर मुलांच्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई, माझ्यासमोर हात चोळत उभी होती. "तुला ठाऊक होतं की रे. मी अडाणी होते, तुला तर ठाऊक होतं."

मी दोरीवरचे कपडे काढायला लागलो.

"तिथे मी कुठे असणार आहे, निशी, खोकायला?"

खाली तरणतलावावर मुलं ओरडत होती. आई म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. आज ती जेवली नाही. अनघाला म्हणाली, पित्त झालंय.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दुपारी रॅफल्स प्लेसला गेलो. अनघा तिच्या नेहमीच्या हॉकर सेंटरात जेवत होती. मला बघून तिने बाजूची पर्स उचलून जागा केली. खूश झाली होती. मी असा दुपारी कधी जात नाही.

मी म्हटलं, "आई मला सांगत होती."

"काय सांगत होत्या?"

"कुठे पुरलंय ते. बोलून, खोकून. परीक्षेतही."

तिने चमचा खाली ठेवला. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही."

"आणि खरं किती लागतं?"

"एकवीस. कधी अठरा."

"एकवीस मिनिटं," ती म्हणाली. आजूबाजूला इतका गलबला होता की मला तिचे फक्त ओठ दिसले. मग ती बोलायला लागली तेव्हा अजिबात ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू मला मारायला निघाला होतास, निशी. त्याच्यावर जळतोस म्हणून."

"असं नको म्हणूस."

"मग कसं म्हणू? डिसेंबरात एकदा मी वाळूत गाडून घेतलं होतं. मला इतकी भीती वाटत होती या सगळ्याची, म्हटलं एकदा बघू कसं होतं ते. छाती हलेना. आणि मी ओरडले ते काय ओरडले, माहितीये? निशी, निशी. मूर्खासारखी. तू हार्बरफ्रंटला बसलेला, आणि मी तुला हाका मारतेय. ते दोघं काढत होते आणि मी रडत होते की तू का नाहीस."

मी तेव्हा तीस पावलांवर झाडामागे उभा होतो. हे मी तिला सांगितलं नाही. या वहीशिवाय कुठेच सांगणार नाही.

ती उठली. ताट तिने तसंच ठेवलं. "मी जाणार आहे," म्हणाली. "तू काय करायचं ते तू ठरव."

मी तिथूनच उज्ज्वलला फोन केला आणि सगळं सांगितलं. एकवीस, अठरा, तेवीस हे आकडे त्याने पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाला, "सांगितलं ते चांगलं केलं, दादा. लोक सांगत नाहीत." त्याच्या मित्राच्या मागे त्या दिवशी कोण उभं होतं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

उज्ज्वल म्हणतो, खालच्या गावापर्यंत तरी चला, तिथे हॉटेलात राहा. मी नाही म्हटलं. खाली कॉफी पीत बसून वर बघायचं आणि वर तो तिच्या मागे, हे माझ्याने होणार नाही. तिकीट रद्द केलं. प्रबोध आज माझ्या डब्यातली चटणी न घेता जेवला.

अनघा माझ्याशी कामापुरतं बोलते. आईशी नीट बोलते. आईने तिची माफी मागितली तेव्हा तिने आईला जवळ घेतलं. मला नाही घेतलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळी अनघाचा मेसेज ग्रुपवर आला. मला वेगळा नाही. काल वाटेत असतानाच नवं, वाईट पत्रक आलं म्हणून उज्ज्वलने सगळ्यांना अर्ध्या वाटेतून परत आणलं. शिखर समोर दिसत असताना. मी असतो तर परत फिरलो नसतो, हे मला वाचता वाचता कळलं. आज पत्रक बरं आहे. आज जाणार. मोठा उतार त्यांच्या घड्याळात दहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे नऊ.

आता पावणेनऊ झालेत. आई देवापुढे बसली आहे, मी जेवणाच्या टेबलाशी. आता तिने मोबाइल बंद केला असेल. आता ते सगळे एका कडेला थांबले असतील आणि ती एकटी पुढे निघाली असेल. तिच्या मागे तो उभा असेल, तिच्या पाठीवर डोळे लावून. वीस वर्षं जी पाठ फक्त माझी होती. मला त्याचा हेवा वाटतो. तो माणूस मला आजही सहन होत नाही, आणि कधी होईल असं वाटतही नाही.

त्याने तिच्यावरची नजर काढू नये. एक क्षणसुद्धा काढू नये.